वसईच्या व्याह्यांना जुनं नाशिक पायी दाखवायचंय : खाणं, घाट आणि ती घंटा

रविवारकारंजा

मंडळी, मदत हवी आहे. धाकट्या जावेचे आईबाबा पुढच्या शनिवारी वसईहून येतायत, दोन रात्री राहतील. लग्नानंतर पहिल्यांदाच.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो होतो. काकांनी आम्हाला वसई अशी काही फिरवली की अजून घरात तोच विषय निघतो. सकाळी पाचूबंदरला वलांडीवर वाळत घातलेले बोंबील बघायचे, तिथून किल्ल्यात शिरायचं, दर्या दरवाज्यात उभं राहून खाडीचा वारा खायचा, मग छप्पर नसलेल्या चर्चमधून हिंडायचं. आणि प्रत्येक ठिकाणी काकूंच्या पिशवीतून काहीतरी निघायचं. दर्या दरवाज्यात फुगे (खायचे, तळलेले), चिमाजी आप्पांच्या पुतळ्यापाशी सुकेळी. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सुकेळी म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली राजेळी केळी. आमच्या मुलाने एका बसणीत सहा संपवली.) माहिती आणि खाणं वेगळं वाटलंच नाही कुठे.

एका चर्चच्या मनोऱ्यात घंटेची जागा रिकामी होती. काका हसत म्हणाले, "घंटा कुठे गेली ते तुमच्या नाशिकला विचारा." तेव्हा सगळे हसलो. आता ते स्वतःच येतायत आणि फोनवर म्हणाले, "ती घंटा दाखव गं मला."

तर माझी यादी : काळाराम, सीतागुंफा, कपालेश्वर, रामकुंड, नारोशंकर, यशवंत महाराज पटांगण, सुंदरनारायण, सरकारवाडा, भांडी बाजार, सराफ बाजार, चांदीचा गणपती, भद्रकाली, तिळभांडेश्वर गल्ली, विजयानंद. खाण्यात मिसळ, जिलेबी, साबुदाणा वडा, चिवडा. एका सकाळीत होईल का? काका ७१ वर्षांचे, गुडघा दुखतो. काकूंना साखर आहे. आणि घंटेपाशी नेमकं काय बोलायचं हाही प्रश्नच आहे.

मिसळ_आधी

ताई, ही यादी पायी फेरीची नाही, शाळेच्या सहलीची आहे. चौदा ठिकाणं आणि चार पदार्थ, तेही गुडघा धरून! निम्मी उडवा. सुंदरनारायण, चांदीचा गणपती दुसऱ्या दिवशी रिक्षाने.

खाण्याचं तेवढं ऐका. आपल्या गावात पदार्थाला वेळ असते. मिसळ सकाळी, तीही रश्श्याचं पातेलं पहिल्यांदा उतरतं तेव्हा. मटकी तीच, पण अकरानंतर त्याच पातेल्यात पाणी आणि तिखट वाढत जातं. पाहुण्यांना रस्सा वेगळ्या वाटीत मागा, आपला काळा मसाला पोटाला नवा असतो. वसईकर तिखटाला घाबरणार नाहीत, पण आपलं तिखट मिरचीचं कमी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं जास्त, ते हळूच चढतं. दही घ्या, पापड घ्या. आणि कृपा करून मळ्यातल्या झोपाळ्यावरच्या मिसळीला नेऊ नका. तिथे फोटो चांगले येतात.

जिलेबीला पर्याय नाही. बुधा हलवाई. काकूंना अर्धी.

उगाच_प्रश्न

घंटेचा विषय टाळता येईल का? म्हणजे दाखवा, पण "विजयाचं प्रतीक" वगैरे कशाला? पाहुणे ख्रिश्चन आहेत ना? उगाच अवघडल्यासारखं होईल. मागे एका फेरीला गेलो होतो, तिथल्या गाईडने सांगितलं की ही घंटा पोर्तुगीजांनी पेशव्यांना भेट दिली होती. तसंच काहीतरी गोड सांगून पुढे निघायचं.

गावठाणातला_म्हातारा

भेट? अहो, १७३९च्या मे महिन्यात वसई पडली. त्याआधी जवळजवळ तीन महिने वेढा, सुरुंग, खंदकात पडलेली माणसं. तो किल्ला पोर्तुगीजांकडे १५३४पासून होता, गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळालेला. दोनशे वर्षं बसलेला माणूस उठताना घंटा भेट देतो का? चर्चच्या घंटा उतरवून आणल्या आणि देवळांना वाहिल्या. एकटं नाशिक नाही, भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. आपल्याकडची सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळावर लागली. देवळाचं खरं नाव रामेश्वर, पण गावात कुणी तसं म्हणत नाही.

पाहुण्यांना खोटं सांगू नका. त्यांना ठाऊक असणारच.

आणि घंटा बघायची तर देवळात शिरण्याआधी नदीच्या अंगाने बघा. देवळाला किल्ल्यासारखा तट आहे, कोपऱ्यांवर छत्र्या, आणि नदीकडच्या तोंडाला उंचावर घंटा. आत गेलात की मान मोडते आणि दिसत काही नाही.

तिथूनच नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती दाखवा. आमच्या लहानपणी पुराचा आकडा क्युसेकमध्ये कुणी सांगत नसे. "दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं", "छातीला आलं", "डोक्यावरून गेलं", एवढ्यावर सगळं गाव काय ते समजायचं. १९६९च्या पुरात तो दिसेनासाच झाला होता. आई आम्हाला घेऊन माडीवर बसली होती आणि खाली अंगणात कुणाचा तरी पाट तरंगत फिरत होता, एवढं आठवतं. आजही धरणातून पाणी सोडलं की पोरं आधी दुतोंड्याचाच फोटो टाकतात.

वसईकर_सध्या_पुण्यात

धागा बघून राहवलं नाही. मी वसईतल्या पापडी गावचा, सामवेदी ख्रिस्ती. उगाच_प्रश्न, तुमची काळजी समजली, पण आम्हाला हे शाळेपासून माहीत असतं हो. चिमाजी आप्पांचा पुतळा आमच्याच किल्ल्यात आहे, त्याच्या समोरून आम्ही क्रिकेट खेळायला जायचो. घंटा गेल्या हेही माहीत आहे. फक्त कुठे गेल्या त्या बघायला कुणी नेत नाही.

ताई, सरळ न्या, सरळ सांगा, आणि मग दोन मिनिटं गप्प उभ्या राहा. काकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या.

सुकेळी आणणार असतील तर त्यातली दोन बाजूला काढून ठेवा, माझा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो. :)

तांबटआळीचा

मार्ग मी सांगतो, रोजचा पायाखालचा आहे.

सकाळी सातला काळारामापासून सुरू करा. तिथून रामकुंडापर्यंत उतारच आहे, गुडघ्याला बरं. कपालेश्वराच्या पायऱ्या काकांना चढवू नका, खालूनच सांगा : समोर नंदी नसलेला महादेव. रामकुंड, नारोशंकर, मग रामसेतूवरून अलीकडे. पूल अरुंद आहे, दोन्ही बाजूंना विक्रेते, पण मध्यभागी थांबलात तर दोन्ही काठ एकदम दिसतात. उतरलात की भांडी बाजार आणि सराफ बाजार. सरकारवाडा तिथेच, पेशवाईतला लाकूडकामाचा वाडा.

पण भांडी बाजारात साडेदहाच्या आधी पोचू नका. कुलपं बघून परत याल. मध्ये मिसळ बसवा, वेळ बरोबर जमतो.

दुकानं बघायची नाहीत, ठोके ऐकायचे. आता मठारकाम करणारे हात फार थोडे उरलेत, माझे चुलते त्यातले. तांब्याच्या हंड्यावर एकाला लागून एक ठोका पडतो. लोकांना वाटतं ती नक्षी आहे. नक्षी कसली, मठारल्याने पत्रा कडक होतो, नाहीतर हंडा भरल्यावर पोचा पडायचा. हातोडीचं तोंड आधी घासून आरशासारखं करतात, कारण त्यावर बारीक ओरखडा राहिला तरी तो प्रत्येक ठोक्यासरशी भांड्यावर उमटतो. चुलते काम सुरू करण्यापूर्वी हातोडीवरून अंगठा फिरवतात. गालावरून वस्तरा फिरवल्यावर न्हावी बघतो ना, तसा.

शनिवारी येत असाल तर मी असेन.

निळी_टोपी

ताईंच्या यादीत काळाराम आहे, पण तिथे काय सांगणार ते लिहिलेलं नाही. सरदार ओढेकरांनी बांधला, रामशेजचा काळा पाषाण, एवढंच सांगून पुढे जातात सगळे. २ मार्च १९३० हा दिवस त्याच दरवाज्यात घडला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक मंदिर प्रवेशासाठी आले आणि दरवाजे बंद झाले. स्थानिक बाजू दादासाहेब गायकवाडांनी लावून धरली. त्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. सत्याग्रह चालला पाच वर्षांच्या वर, आणि १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्याला बाबासाहेबांनी "हिंदू म्हणून मरणार नाही" ही घोषणा केली. नाशिक ते येवला फक्त ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर.

माझे पणजोबा त्या घोळक्यात होते. आजी सांगायची, ते घरी आले तेव्हा डोक्याला फडकं बांधलेलं होतं आणि त्यांनी आधी भाकरी मागितली. दरवाजा दाखवाल तर हेही दाखवा.

रविवारकारंजा

निळी_टोपी, खरं सांगते, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लाज वाटली. सांगणार.

गावठाणातले आजोबा, वसईकर, धन्यवाद. घंटेचं ठरलं, गोड काही नाही.

तांबटदादा, साडेदहाला पोचतो. गाडी कुठे लावू?

मिसळ_आधी

लावूच नका भो. रिक्षा.

पंचवटीकरीण

+१. सिंहस्थाची खोदकामं चाललीत, गेल्या आठवड्यात मी गाडी घेऊन गेले आणि तासभर गणेशवाडीतून उलटी फिरत होते.

लेणीवेडा

उशिरा आलो. घंटेवर सगळे बोलले, पण नाशिक आणि वसई यांचं नातं घंटेच्या दीड हजार वर्षं आधीचं आहे हे कुणी काढलं नाही म्हणून लिहितो.

पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने काय काय दान केलं त्याची लांबलचक यादी भिंतीवर कोरलेली आहे. त्यात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे धर्मशाळा बांधल्याचं लिहिलंय. भरुकच्छ म्हणजे भडोच बंदर, गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचं, आणि शोर्पारग म्हणजे सोपारा. नालासोपारा! वसईच्या शेजारचं स्टेशन. त्याच लेखात नद्यांवर फुकट नावा चालवल्याचं आहे : पारदा, दमणा, तापी, डहाणुका. पारदा म्हणजे पार नदी, डहाणुका आपल्या डहाणूची. ह्या नद्या ओलांडणाऱ्याला होडीचे पैसे पडू नयेत म्हणून. आजच्या भाषेत टोलमाफी.

सोपाऱ्याला जहाजातून उतरलेला माल थळ घाटाने वर यायचा आणि नाशिकवरून पुढे पैठण-तेरकडे जायचा. म्हणजे आपल्याला समुद्र नसला तरी बंदराचा मागचा दरवाजा आपणच होतो. सोपाऱ्याचा स्तूप १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला. आपल्याकडे गंगेकाठच्या (म्हणजे गोदेकाठच्या) जुन्या गढीवर १९५०-५१मध्ये सांकलियांनी उत्खनन केलं. दोन्ही ठिकाणी आज जाऊन बघाल तर बाजूला कपडे वाळत घातलेले दिसतील.

दुसऱ्या दिवशी गाडीने लेण्यांना न्या असं म्हणणार होतो, पण गुडघा. पायऱ्या खूप आहेत. फोटो दाखवा.

गावठाणातला_म्हातारा

लेणीवेडा, उत्तम. त्या गढीचा कडा दर पावसाळ्यात ढासळतो आणि त्यातून खापरं खाली येतात. आम्ही लहानपणी त्यांनीच लगोरी खेळलो. सातवाहनांची लगोरी!

रविवारकारंजा

झाली फेरी! सविस्तर लिहिते, कारण निम्मी फेरी ह्या धाग्याची आहे.

सातला निघायचं ठरलं, निघालो पावणेआठला. काळारामाच्या पूर्व दरवाज्यात उभं राहून मी १९३०चं सांगितलं. काकूंनी विचारलं, "मग उघडला केव्हा?" मी येवल्याचं सांगायला लागले तर म्हणाल्या, "ते नाही, हा दरवाजा." प्रश्न बरोबर होता. मंदिर सगळ्यांना खुलं झालं ते स्वातंत्र्याच्या सुमारास, बाबासाहेब नाशिकहून निघून गेल्यावर कितीतरी वर्षांनी, एवढं सांगितलं. काकू दरवाज्याच्या लाकडावर हात ठेवून उभ्या होत्या.

रामकुंडावर गर्दी होती. पिंडदानाची मंडळी, भटजी, मुंडण केलेली मुलं, स्टीलच्या डब्यातून कणकेचे गोळे. तिथे फार बोलावंसं वाटलं नाही, पुढे गेलो.

आता घंटा. आजोबांनी सांगितलं तसं नदीच्या अंगाने थांबलो. ऊन तटावर आलं होतं. मी सांगितलं : १७३९, वेढा, चर्चमधून उतरवली, इथे चढवली. आणि वसईकरांनी सांगितलं तशी गप्प बसले. धाकटी जाऊ माझ्याकडे बघत होती, मी दुतोंड्याकडे.

काकांनी टोपी काढली, मला वाटलं आता डोळे पुसतात. त्यांनी टोपीने ऊन आडवलं आणि बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "हिरवी नाही झाली."

काकांचं सगळं आयुष्य मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलंय. त्यांचं म्हणणं, खाऱ्या वाऱ्यात काशा-पितळेला महिनाभरात हिरवं चढतं, आमच्याकडे राहिली असती तर पन्नास वर्षांत अशी खाल्ली असती की ओळखू आली नसती. मग स्वतःशीच हिशेब सुरू. वजन किती असेल, ओतताना साचा कसा धरला असेल, मनोऱ्यातून उतरवताना कप्पी कुठे अडकवली असेल, कारण त्या मनोऱ्यात वरती आडवं लाकूड मावायला जागा नाही (ते तिथे लहानपणी चढलेले!). "आणि घाटातून वर आणली कशी? बैल किती लावले?" मी लेणीवेड्यांची थळ घाटाची वाट सांगितली. ते म्हणाले, "वाट असेल गं, पण ब्रेक?" उतारावर गाड्याला मागून दोर लावून माणसं धरत असतील, असं त्यांनीच ठरवलं.

काकूंनी हात जोडले नाहीत, क्रूसही केला नाही. पिशवीतून सुकेळी काढली आणि सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवली. वसईत करायच्या तसंच. तिथे, तटाखाली, आम्ही सगळे वर बघत सुकेळी खात होतो आणि एक फुगेवाला आमच्याकडे बघत होता. (आपले फुगे, रबराचे.)

मिसळ : मिसळ_आधी, तुमचं ऐकलं, रस्सा वेगळा मागितला. काकांनी पहिल्या घासाला "ह्यात काय आहे, तिखट कुठाय?" म्हटलं. तिसऱ्या घासाला पाणी मागितलं. दुसरा पाव मात्र त्यांनीच मागवला. काकूंचं म्हणणं, हा मसाला त्यांच्या बॉटल मसाल्याचा मावसभाऊ आहे, फक्त कोळशासारखा भाजलेला. घरी येऊन माझ्याकडून पाव किलो घेऊन गेल्या, आणि त्यांचा पाठवणार आहेत.

भांडी बाजार : तांबटदादा, तुमच्या चुलत्यांना सांगा, आमचा दिवस त्यांनी वसूल केला. आम्ही पोचलो तेव्हा कल्हई चालली होती. पातेलं तापलं, नवसागर टाकला, धूर झाला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात आतून चांदी. काकू दोन पावलं मागे सरल्या आणि मग चार पावलं पुढे. त्यांच्या घरी सासूबाईंचा तांब्याचा टोप आहे, तीस वर्षं माळ्यावर, वसईत कल्हईवाला यायचा बंद झाला म्हणून. आता तो टोप एस.टी.ने नाशिकला येणार आहे. हे सगळं काका नसताना ठरलं, कारण काका चुलत्यांच्या हातोडीवरून अंगठा फिरवत बसले होते. दोघं अर्धा तास बोलले. अर्धं मला कळलं नाही.

सरकारवाड्यात फक्त दहा मिनिटं, पाय बोलायला लागले होते. तिळभांडेश्वर गल्ली आणि विजयानंद राहिलं. अनंत कान्हेरेंनी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली, २१ डिसेंबर १९०९, हे सगळं मी रिक्षात बसून सांगितलं, आणि रिक्षावाल्याने मध्ये दुरुस्त्या केल्या. साबुदाणा वडा सायंताराचा, तो घरी आणून खाल्ला. जिलेबी काकूंनी अर्धी म्हणून घेतली आणि किती अर्ध्या झाल्या ते मी इथे लिहिणार नाही, जाऊ हा धागा वाचते.

मिसळ_आधी

"तिसऱ्या घासाला पाणी." समाधान झालं.

निळी_टोपी

काकूंना माझा नमस्कार सांगा.

तांबटआळीचा

चुलते विचारतायत, ते बोटीवाले काका परत केव्हा येणार. त्यांना पंख्याच्या पात्याला समतोल कसा साधतात ते समजावून घ्यायचंय. आणि टोप पाठवताना कडी आधी काढून ठेवा म्हणावं, ती वेगळी बांधा, नाहीतर प्रवासात काठ चेपतो.

वसईकर_सध्या_पुण्यात

माझी दोन सुकेळी?

रविवारकारंजा

वसईकर, संपली. तटाखाली. माफ करा, पुढच्या खेपेला नक्की.

मंडळी, एक शेवटचं काम. आत्ता काकांचा फोन होता. त्यांना रात्रभर एकच प्रश्न पडलाय : घंटेच्या आतला लोलक जुनाच आहे की नंतर कुणी लोखंडी बसवलाय? खालून त्यांना नीट दिसला नाही आणि चष्मा जवळचा होता. कुणी त्या बाजूला राहत असेल तर सकाळच्या उन्हात, नदीकडून, झूम करून फोटो काढाल का?

तांबटआळीचा

उद्या बुधवार. बाजाराला गंगेवर जायचंच आहे. चुलत्यांनाही घेऊन जातो, त्यांना खालून बघूनही धातू कळतो. आठपर्यंत टाकतो.